शंकेचा फायदा

चष्मेवाल्यांच्या नजरेवर सगळ्यांचा भरवसा होता, आणि तो उगाच नव्हता. दुकानात पाऊल टाकणाऱ्या माणसाकडे एकदा बघितलं की त्याच्या चष्म्याची काडी कुठे वाकली आहे आणि नंबर वाढलेला असूनही तो किती दिवस चालढकल करतो आहे, हे ते तोंडावर सांगत. वर दोन शब्द सुनावत. "बायकोने ढकलून पाठवलं ना?" असं विचारत, आणि बहुतेक वेळा ते खरं निघे. त्यामुळे पोहण्याच्या क्लबला शर्यतींसाठी पंच कमी पडू लागले तेव्हा पालकांमधून पहिलं नाव त्यांचंच पुढे आलं. पगार नाही, मानधन नाही. पांढरे कपडे घालून दिवसभर तलावाच्या काठावर उभं राहायचं आणि दुपारी कोरडं सँडविच चावायचं. चष्मेवाल्यांनी ते हौसेने पत्करलं, कारण त्यांची एकुलती एक मुलगी तिथेच पोहत होती.

तिला सगळे बेडकी म्हणत. नाव प्रशिक्षकांनी ठेवलेलं. ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे बेडकाचीच चाल: दोन्ही हात एकदम पुढे, एकदम बाजूला, पाय पोटाशी ओढून मागे झटका. बाकीच्या प्रकारांत ती यथातथाच होती; पाठीवर पोहायला लागली की कुठे जाऊन धडकेल याचा नेम नसे. पण पालथी होऊन बेडकासारखी निघाली की बघत राहावं. तिच्याच लेनमध्ये सराव करणारी दुसरी मुलगी क्लबच्या बसच्या ड्रायव्हरची होती. लांब पाय, लांब मान, म्हणून ती बगळी. "ही बगळी एक दिवस या बेडकीला गिळणार," असं प्रशिक्षक चिडवत आणि दोघी खिदळत पाण्यात उड्या मारत. एकीचा टॉवेल कायम दुसरीच्या पिशवीत सापडे. संध्याकाळी ताटं घेताना बेडकीची आई न विचारता एक जास्तच घेई.

पुढे बगळी खरोखरच गिळायला लागली. एका सुट्टीत तिची उंची अशी काही वाढली की सुट्टी संपल्यावर तिचा पोशाख तिला होईना, आणि भिंतीपासून ढकलून घेतल्यावर ती जिथे वर यायची तिथे पोचायला बेडकीला आणखी एक हात मारावा लागायचा. चष्मेवाले दुकानाचं शटर अर्धं ओढून सराव बघायला जात आणि परत येताना गप्प असत. त्यातच निवड चाचणीची तारीख लागली. मोठ्या शहरातल्या शिबिरासाठी प्रत्येक प्रकारातून एकच मुलगी घेणार होते. राहायची सोय तिथेच, शाळा तिथेच, प्रशिक्षक देशाच्या संघाचे. तिथे गेली ती पुढे गेली, मागे राहिली ती मागेच राहिली, हे क्लबमधल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक होतं.

बेडकी त्या दिवसांत नीट जेवत नव्हती. अभ्यासात तिने कधीच दिवे लावले नव्हते आणि पाण्याबाहेर आपल्याला काही येतं असं तिला स्वतःलाही वाटत नव्हतं. एकदा ती आईला म्हणाली की आपण नाही गेलो तर आपलं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. आईने ते हसण्यावारी नेलं. चष्मेवाले पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसले होते. त्यांना हसू आलं नाही. ती जागा आपल्या मुलीला मिळावी असं त्यांना वाटत होतं, अगदी जीव तुटून वाटत होतं. त्यात वावगं काही नव्हतं. कुठल्या बापाला वाटणार नाही?

आता पंचाचं काम काय ते सांगायला हवं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना आणि शर्यत संपवताना दोन्ही हात भिंतीला एकाच वेळी लागले पाहिजेत. एक आधी, एक मागून, असं झालं की पोहणारा बाद. प्रत्येक लेनच्या टोकाला एक पंच वाकून उभा असतो, आणि चूक दिसली की हात वर करतो. पण पूर्ण खात्री असेल तरच. मनात तसूभर शंका असली तरी फायदा पोहणाऱ्याला. नव्या पंचांना हे शिकवायचं काम क्लबने चष्मेवाल्यांकडेच दिलं होतं, आणि ते दमात घेऊन शिकवत. "पाणी उडालं, दिसलं नाही, तर काही झालंच नाही असं धरा. आपल्याला इथे अंदाज करायला बोलावलेलं नाही," असं ते म्हणत, आणि नवे पंच माना डोलावत.

चाचणीच्या दिवशी बेडकीला पाचवी लेन मिळाली. पाचव्या लेनवर पंच म्हणून चष्मेवाल्यांचंच नाव लागलं होतं. आपल्या पोराच्या लेनवर उभं राहायचं नाही हा तिथला रिवाज, म्हणून मुख्य पंचांनी त्यांना एक पाऊल सरकवून चौथ्या लेनवर उभं केलं. चौथ्या लेनमध्ये बगळी होती. इथेही मला नको, असं म्हणावं हे त्यांच्या मनात आलं होतं. जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. पण कोण कुणाची मैत्रीण आणि कोण कुणाच्या चढाओढीत हे बघत बसलं तर काठावर उभं राहायला कुणी उरायचं नाही, असं मुख्य पंच म्हणाले असते, आणि ते बरोबरच होतं. चष्मेवाले गप्प राहिले.

शर्यत जाऊन-येऊन एकदाच होती. सुरुवात आणि शेवट समोरच्या टोकाला, आणि चष्मेवाले अलीकडे, वळण्याच्या भिंतीशी. बगळी अर्धं अंग पुढे होती. शिट्टीपासूनच पुढे होती आणि दमलेली दिसत नव्हती. ती भिंतीशी आली, लांब हात पुढे टाकले, आणि पाण्याचा मोठा फवारा उडाला. चष्मेवाल्यांना तिचा डावा हात दिसला. टोपी दिसली. मग पाणीच पाणी. उजवा हात त्यांना दिसला नाही.

हात आपोआप वर गेला, असं म्हणायची पद्धत आहे. हात आपोआप वर जात नाही. तो खांद्यापासून उचलावा लागतो, आणि चष्मेवाल्यांनी तो उचलला.

बगळीला अर्थातच पत्ता नव्हता. ती वळून निघून गेली, तिच्या मागोमाग पाचव्या लेनमधून बेडकी आली, वळली, गेली. सगळं परतीचं अंतर चष्मेवाले हात वर धरून उभे होते. तो खाली घेता आला असता. चुकलं, नीट दिसलं नाही, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो. मुख्य पंच लगबगीने आले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, काय पाहिलंत. चष्मेवाल्यांनी सांगितलं की डावा आधी लागला, उजवा मागून.

"खात्री आहे?"

"आहे."

पलीकडच्या टोकाला बगळी पहिली पोचली होती आणि लेनच्या दोरीवर रेलून हसत होती. बेडकी दुसरी. एरवी ती दोरीखालून जाऊन मैत्रिणीच्या गळ्यात पडली असती. त्या दिवशी ती दोरी धरून नुसती तरंगत राहिली आणि सबंध तलावापलीकडून बापाकडे बघत होती. हरली म्हणून धीर हवा असेल पोरीला, असं चष्मेवाल्यांना वाटलं आणि त्यांना भरून आलं.

चौथी लेन बाद, असं भोंग्यावरून सांगितलं तेव्हा बगळीला आधी ती दुसऱ्याच कुणाची गोष्ट वाटली. नंतर ती कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. प्रशिक्षक ड्रायव्हरकडे गेले. निर्णयाविरुद्ध तक्रार करता येते, अजून वेळ आहे, काय करायचं बोला, असं म्हणाले. ड्रायव्हरने विचारलं, पंच कोण होतं. चष्मेवाले, असं कळल्यावर त्याने मान हलवली. "मग राहू द्या. त्यांनी पाहिलं म्हणजे तसंच असणार."

परतीच्या बसमध्ये चष्मेवाल्यांना जागा मिळाली ती नेमकी ड्रायव्हरच्या मागची. मागच्या बाकावर दोन्ही मुली एकाच टॉवेलमध्ये गुरफटून बसल्या होत्या. बगळीचे डोळे सुजलेले, आणि बेडकी खिडकीबाहेर बघत होती. शहर मागे पडल्यावर ड्रायव्हर समोरच्या रस्त्याकडे बघतच म्हणाला, "बरं झालं तुम्ही होतात. दुसरं कुणी असतं तर मनात काहीतरी येऊन गेलं असतं. आता पोरीलाच दामटतो."

आता सांगावं, या वळणानंतर सांगावं, पुढच्या पेट्रोलपंपावर बस थांबली की खाली उतरून सांगावं, असं करता करता बस क्लबच्या फाटकात शिरली. मग उद्या सांगू असं ठरलं. उद्या बेडकीचं शिबिराचं पत्र आलं, आई रडली आणि हसली, शेजारी येऊन गेले. मग परवा. चालढकल करणाऱ्या गिऱ्हाइकांना सुनावण्यात ज्यांचं आयुष्य गेलं होतं ते चष्मेवाले चालढकल करण्यात कुणाला हार जाणारे नव्हते, हे असं निघालं.

बेडकी शिबिराला गेली आणि ड्रायव्हरने बोलल्याप्रमाणे पोरीला दामटलं. रोज सकाळी बस बाहेर काढायच्या आधी तो तिला गॅरेजच्या भिंतीसमोर उभं करी आणि दोन्ही तळवे एकदम भिंतीवर मारायला लावी. एकच आवाज आला पाहिजे. दोन आवाज आले की पुन्हा. चष्मेवाल्यांचं दुकान तिथून लांब नव्हतं आणि दुकान उघडताना त्यांना तो थाड थाड आवाज ऐकू येई. बगळीची चूक नव्हतीच, तर ती सुधारणार कशी? ती भिंत जवळ आली की हातांकडे बघू लागली. हात बघायला मान वर, मान वर गेली की पाय खाली, आणि पाय खाली गेले की ब्रेस्टस्ट्रोकमध्ये माणूस जागच्या जागी राहतो. भिंतीआधी ती थांबते कशाला, म्हणून प्रशिक्षक घसा फोडून ओरडत. वळताना गमावलेली आघाडी ती सरळ पोहून भरून काढी, मग तेही होईना. काही हंगामांनी तिने पोहणं सोडलं आणि औषधांच्या दुकानात कामाला लागली. शरीरयष्टी चांगली होती पण हात कच्चे, असं क्लबमध्ये ठरून गेलं.

बेडकीचं मात्र सोनं झालं. शिबिरातून संघात, संघातून परदेशात. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, गॉगल कपाळावर, दात काढून हसणारा. ती पडेल ते करत होती. गुडघ्याला पट्टा बांधून पोहली, खांद्यात सुई घेऊन पोहली, आजारी असताना पोहली. पदकं कुणी तिला फुकट दिली नव्हती, आणि चष्मेवाल्यांना हेच जाचत होतं. पदक खोटं असतं तर ते एकदाचं उचलून फेकता आलं असतं. ते खरं होतं, घामाचं होतं, आणि तरी ते हातात घेतलं की त्यांना गॅरेजच्या भिंतीचा आवाज ऐकू येई. दुकानात मुलीचा एकही फोटो त्यांनी लावला नाही. गिऱ्हाइकं म्हणत, चष्मेवाले किती साधे. त्यावर ते काच पुसत राहत.

पंचाचं काम त्यांनी त्याच वर्षी सोडलं होतं. कारण सांगितलं की डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. चष्मेवाल्याचे डोळे गेले, म्हणजे आता न्हाव्याचे केस गेले की बाजार पूर्ण झाला, असं म्हणून सगळी पेठ हसली. ड्रायव्हरच्या चष्म्याचे पैसे त्यांनी नंतर कधी घेतले नाहीत, आणि ड्रायव्हर हे सगळ्यांना सांगत सुटला की माणूस असावा तर असा. पुढे एका सकाळी तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला तो उठलाच नाही. चष्मेवाले त्याच्या घरी जाऊन आले. बगळीसमोर खुर्ची ओढून बसले, आणि तुझ्या वडिलांनी एक गोष्ट, इथपर्यंत वाक्य आलंही. ते त्यांनी, फार मनाला लावून घेतली नाही कधी, असं कसंबसं संपवलं. बगळी म्हणाली, खरंय काका. घरी आल्यावर त्यांनी बायकोलाही काही सांगितलं नाही. ती काय म्हणाली असती हे त्यांना माहीत होतं: मग आता मला कशाला सांगताय.

बेडकीचा गुडघा शेवटी कायमचा गेला तेव्हा तिने थांबायचं जाहीर केलं. क्लबने सत्कार ठेवला, त्याच तलावाच्या काठावर खुर्च्या मांडून. लहान मुलं ओल्या टोप्या घालून पुढे बसली. जुन्या मैत्रिणीने दोन शब्द बोलावेत म्हणून बगळीला बोलावलं होतं. ती दुकानातून थेट आली होती आणि बोलायला अजिबात घाबरली नाही. बेडकी बॅकस्ट्रोकला कशी दुसऱ्यांच्या लेनमध्ये शिरायची ते तिने सांगितलं, मुलं हसून लोळली. मग ती स्वतःवर आली.

"मी हिच्यापेक्षा जोरात जायचे हं," ती म्हणाली. "पण माझा एक हात आळशी. निवड चाचणीत पहिली आले आणि बाद झाले. पंच होते हिचे बाबा. लोक काय म्हणतील याचा त्यांनी विचार केला नाही. चूक दिसली, हात वर केला. मुलांनो, असा पंच मिळाला तर रडू नका. मी रडले होते, पण माझ्या बाबांनी मला सांगितलं की त्या माणसाचा हात कधी उगाच वर जाणार नाही. काका, उभे राहा ना जरा."

टाळ्या वाजल्या. चष्मेवाले उभे राहिले. पुढच्या खुर्चीची पाठ धरली, आणि सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलं.

कार्यक्रम संपला, मुलं पळाली. बेडकीची आई क्लबच्या हिशेबनीस बाईंशी बोलत आत गेली. काठावर हे तिघंच राहिले, खुर्च्या एकात एक घालत. बगळी थट्टेच्या रंगात होती. मी हात थोडा सांभाळला असता तर आज भाषण तू करत असतीस आणि मी ऐकत बसले असते, असं ती बेडकीला म्हणाली.

बेडकीने हातातली खुर्ची खाली ठेवली. "तुझे हात बरोबर होते."

"बास झालं आता. सत्कार तुझा आहे, माझा नाही."

"मी पाचव्या लेनमध्ये होते. तुझ्या मागून पाण्याखालून येत होते. तुझे दोन्ही तळवे एकदम लागले. मला स्वच्छ दिसले."

बगळी हसायची थांबली आणि तिने चष्मेवाल्यांकडे पाहिलं. बेडकी बापाकडे न बघता घाईघाईने म्हणाली, "बाबांना वरून दिसलं नसेल. पाणी फार उडालं होतं."

मुलीने बापाला वाट करून दिली होती. त्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"नव्हतंच दिसलं," चष्मेवाले म्हणाले. "तुझा उजवा हात मला दिसलाच नव्हता. तरी मी हात वर केला. खात्री आहे म्हणून सांगितलं."

तलावात पाणी ओढून घेणाऱ्या जाळीचा घुरघुर आवाज येत होता. मग बगळी म्हणाली की बाबा तिला रोज भिंतीवर हात मारायला लावायचे. हे सगळ्यांनाच माहीत होतं, पण ती ते नव्याने सांगत असल्यासारखी सांगत होती. "जायच्या आदल्या दिवशीसुद्धा म्हणाले, पोरी, तेवढा एक हात सांभाळला असतास. माझ्यावर चिडून नाही. मला वाईट वाटू नये म्हणून हसत."

चष्मेवाल्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती बेडकीकडे बघत होती.

"तू माझ्या शेजारी बसून आलीस त्या दिवशी. एका टॉवेलात."

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"मी बाबांची वाट बघत होते," बेडकी म्हणाली. तिचा आवाज पार लहान मुलीसारखा झाला होता. "ते सांगतील, मग मी पण सांगेन, असं मी ठरवलं होतं. बसमध्ये नाही सांगितलं. म्हटलं, उद्या सांगतील. मग शिबिराला निघाले तरी सांगितलं नाही. मग मला वाटलं की हे बोलायचं नसतं."

इतकी वर्षं चष्मेवाल्यांची एकच समजूत होती, आणि तिच्याच जोरावर ते रात्री झोपत होते: पाप केलं ते आपण केलं, पोर त्यातून मोकळी आहे, तिने पाण्यात जे मिळवलं ते स्वच्छ आहे. त्यांना त्या दिवशी तलावापलीकडून आपल्याकडे बघणारे तिचे डोळे आठवले. धीर मागत नव्हती ती. विचारत होती. तेरा-चौदा वर्षांची पोर बापाला विचारत होती, आणि बापाने तिला उत्तर दिलं होतं, रोज, न बोलता.

बगळीने आपली पिशवी उचलली, खांद्याला लावली आणि ती फाटकाच्या दिशेने निघाली. बेडकी तिच्या मागे निघाली, गुडघा ओढत, भिंतीचा आधार घेत. बगळी थांबली नाही, पण तिने चालण्याचा वेगही वाढवला नाही. हाक मारायला चष्मेवाले दोन पावलं पुढे आले, आणि दोघींपैकी आधी कुणाला हाक मारावी हे न कळून तसेच उभे राहिले.